बोलक्या मोटारी

मोटारीचा विषय माझ्यापुढें काढावयाचा नाहीं, असा आमच्या घरांत एक अलिखित कायदा आहे. पाहुणे आले कीं माझी पत्नी त्यांना चहा देतां देतां डोळ्यांनींच खुणावते, आणि जाणते पाहुणे पावसापाण्याच्या गोष्टी काढून वेळ मारून नेतात. परंतु एखादा नवखा गृहस्थ सहज खिडकीबाहेर पाहतो, दारांत ताडपत्रीखालीं उभी असलेली माझी जुनी फियाट त्याच्या दृष्टीस पडते, आणि "अजून चालते का हो ही?" असा प्रश्न त्याच्या तोंडून निसटतो. मग त्याचा चहा निवतो, दिवेलागण होते, आणि घरीं परत जातांना त्या बिचाऱ्याला कार्ब्युरेटर म्हणजे काय हें पक्कें कळलेलें असतें.

हें वेड मला कोठून जडलें हें सांगतां येणार नाहीं. आमच्या घराण्यांत कोणीं मोटार बाळगली नव्हती. वडील सायकलीवरून कचेरींत जात, आणि वाटेंत गर्दी लागली तर खालीं उतरून तीहि हातीं धरून नेत. मला मात्र कळूं लागल्यापासून मोटारींचा, आणि त्यांतहि वेगवान् मोटारींचा, विलक्षण नाद. मासिकांतलीं चित्रें कापून चिकटविण्याची माझी एक वही होती. तिच्या पहिल्या पानावर इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांची १९३० च्या दशकांतली ड्युसेनबर्ग होती. इंजिन अमेरिकेचें, आठ सिलिंडरांचें, जवळ जवळ ७ लिटरांचें. अश्वशक्ति, कारखानदाराच्या सांगण्याप्रमाणें, ३२०. त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांनीं चढविलेली डौलदार बॉडी. आणि एवढ्या अवाढव्य पसाऱ्यांत बसावयाचें किती जणांनीं, तर दोघांनीं! एवढी शक्ति आणि इतकी थोडी उपयुक्तता या विसंगतींतच मला कांहीं तरी काव्य दिसे. तें चित्र पाहतांना मी तोंडानें इंजिनाचा आवाज काढीत बसें, आणि आई स्वयंपाकघरांतून "पुरे कर ती घरघर" म्हणून ओरडे.

त्या वहीची आठवण होण्याचें कारण असें कीं, गेल्या महिन्यांत माझ्या भाच्यानें नवी मोटार घेतली आणि मुंबईहून पुण्यास मला तिच्यांतून आणलें. मोटार विजेवर चालणारी, साडेपांचशें अश्वशक्तीची. आंत बसल्यावर एखाद्या चांगल्या वाचनालयांत बसल्यासारखें वाटावें इतकी शांत. द्रुतगति मार्गानें निम्मीअधिक वाट सरल्यावर त्यानें मला डोळे मिटावयास सांगितलें. मीं मिटले.

"मामा, आतां सांगा बरं, आपण किती वेगानं चाललों आहों?"

पन्नास वर्षांचा अनुभव पणास लावून मीं कान टवकारले. इंजिनाचा आवाज नव्हताच. टायरांची मंद घरघर, कांचेवरून जाणाऱ्या वाऱ्याची कुजबूज, आणि पाठीखालीं रस्ता असा गुळगुळीत कीं जणूं तो नाहींच. "ऐंशी," मीं म्हटलें. आणि आपण जरा जास्तच सांगितलें कीं काय अशी शंका येऊन, "नाहीं तर पंचाहत्तर," अशी दुरुस्तीहि केली. तो खदखदून हंसला. मीं डोळे उघडले. समोरच्या कांचेच्या पाटीवर १५० हा आंकडा देवघरांतल्या समईसारखा शांतपणें तेवत होता.

त्या रस्त्यावर मोटारींना ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा आहे. पण खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं मला कायद्याची आठवण झाली नाहीं. मला शाळेंतलें पदार्थविज्ञान आठवलें. वेग दुप्पट झाला कीं गतींतील शक्ति चौपट होते आणि तिप्पट झाला कीं नऊपट. म्हणजे पन्नासाच्या वेगानें जाणाऱ्या मोटारीच्या नऊपट आघात आमच्या या वाचनालयाच्या पोटांत दडून बसला होता, आणि दर सेकंदास आम्ही जवळ जवळ ४२ मीटर पुढें फेंकले जात होतों. "कमी कर," असें मीं म्हटलें तेव्हां तो आवाज माझा नसून माझ्या आईचा आहे असा मला भास झाला. भाचा गुणी आहे. "बरं मामा," म्हणून तो शंभरावर आला, आणि चमत्कार असा कीं आपण आतां जवळ जवळ थांबलोंच आहों असें मलाहि वाटलें.

मग मला एक शंका आली. आपल्या देशांत २०१९ पासून नव्या मोटारींना असा नियम आहे कीं, वेग ८० च्या पुढें गेला कीं अधून मधून घंटी वाजावी आणि १२० च्या पुढें ती अखंड वाजत राहावी. "तुझ्या गाडीची घंटी कां नाहीं रे वाजली?" असें मीं विचारलें. तो किंचित् ओशाळून म्हणाला, "ती बंद करून घेतली. फार कटकट होते तिची."

पुण्यास पोंचल्यावर ताईनें चहा केला आणि भाचा हातपाय धुवावयास गेलासें पाहून मला स्वयंपाकघरांत गांठलें. "तूंच त्याला हें वेड लावलंस," ती म्हणाली. "आतां तूंच त्याला चार गोष्टी सांग. माझं तो ऐकत नाहीं. रात्रीं मी जागी असतें, पण तो आला केव्हां हें सुद्धां मला कळत नाहीं. पूर्वीं गाडी गल्लींत वळली कीं कळायचं. ही मेली मांजरासारखी येते."

ताईचें म्हणणें सोळा आणे खरें होतें. चार वर्षांच्या त्या पोराला मांडीवर घेऊन स्टिअरिंगला हात लावावयास मींच शिकविलें. होळकरांची ड्युसेनबर्ग त्याला मींच दाखविली. आणि इतर मुलें पाढे म्हणत त्या वयांत तो कोणत्या मोटारीची अश्वशक्ति किती हें घडाघडा म्हणूं लागला तेव्हां अभिमानानें माझीच छाती फुगली होती. आतां त्याला सांगावें तरी काय? "हळू चालव" हें सांगण्याचा अधिकार ज्यांना असतो त्या सज्जनांपैकीं मी नव्हें. १९७८ च्या पावसाळ्यांतली ती एक दुपार मला अजून विसरतां आलेली नाहीं.

माझी फियाट म्हणजे मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली, जिला सगळे पद्मिनी म्हणूं लागले ती. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें, अश्वशक्ति चाळीसच्या आसपास. आजच्या वाचकांना हें सांगितलें पाहिजे कीं, त्या काळीं आम्हां वेगवेड्यांना निवड म्हणून फारशी नव्हतीच. अँबॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड या तिघींच्या पलीकडे आमच्या ऐपतीचें जग संपत असे. मद्रासजवळ शोलावरम येथें युद्धकाळांतल्या एका जुन्या धांवपट्टीवर शर्यती भरत; तेथें अशाच घरगुती मोटारी सोलून, तासून पळविलेल्या पाहिल्यापासून आमच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांच्या हातापायां पडून मीं माझ्या गाडीला दुसरा कार्ब्युरेटर बसवून घेतला, आणि सायलेन्सरचें पोट रिकामें करवून तिला असा कंठ आणला कीं आळींतलीं कुत्रीं सुद्धां तिला वाट देत.

त्या दुपारीं खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरतांना मी तिला मनसोक्त सोडली होती. गाडीच्या चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. उतारावर ते पुन्हा पुन्हा दाबले कीं ड्रम तापून फुगतो, आंतल्या अस्तराची पकड सुटते, आणि पेडल दर वळणाला बोटभर अधिक खालीं जाऊं लागतें. दुसऱ्या वळणाला मला जळका वास आला. तिसऱ्या वळणाला पेडल मऊ लागलें. चौथ्याला पुढचें चाक थरथरूं लागलें. गाडी मला आपल्या परीनें सगळें सांगत होती. प्रथम हळू, मग स्पष्ट, मग ओरडून. पांचव्या वळणाला मीं तें ऐकलें. गियर खटाखट खालीं ओढून इंजिनाच्याच जोरावर तिला आवरीत आवरीत मी शिंग्रोबाच्या देवळापाशीं आणून उभी केली. चारी चाकांतून धूर निघत होता. माझा देवाधर्माशीं फारसा संबंध नाहीं. पण त्या दिवशीं घाटांतले ट्रकवाले शिंग्रोबापुढें नाणें कां टाकतात हें मला समजलें, आणि मींहि एक रुपया टाकला.

त्या दिवसापासून वेगवान् मोटार पारखण्याची माझी कसोटी बदलली. ती किती पळते हें मी नंतर विचारतों. पळतांना ती चालविणाऱ्याला काय सांगते, हें आधीं विचारतों. अर्थात् जगांतल्या नामांकित मोटारींपैकीं बहुतेक मीं चालविलेल्या नाहींत. पंढरीस न जातां विठ्ठलाचें रूप वर्णन करणाऱ्यांपैकीं मी आहें. पण अशा भक्तांचीं मतें फार ठाम असतात, आणि माझींहि आहेत.

१९२४ सालीं आलेली बुगाटी ३५ मला सर्व जुन्या मोटारींत श्रेष्ठ वाटते. इंजिन दोनच लिटरांचें, पण त्याला आठ सिलिंडर; अॅल्युमिनियमचीं ओतीव चाकें, आणि ब्रेकचे ड्रम त्या चाकांशींच एकजीव; सगळें वजन साडेसातशें किलोच्या आसपास. सिसिलीच्या डोंगरांतली टार्गा फ्लोरिओ ही शर्यत तिनें आणि तिच्या भावंडांनीं १९२५ पासून १९२९ पर्यंत सलग पांच वर्षें जिंकली. डोंगरांतल्या अशा वांकड्यातिकड्या शर्यतींत नुसती शक्ति जिंकत नाहीं. हलकेपणामुळें रस्त्याचा प्रत्येक खडा चालविणाऱ्याच्या तळहातापर्यंत पोंचतो, आणि त्या बातमीवर तो पुढचें वळण घेतो.

पुढें साठ वर्षांनीं, १९८७ सालीं, फेरारीची एफ-४० आली. एन्झो फेरारी यांच्या हयातींत बाहेर पडलेली ही त्या कारखान्याची शेवटची नवी मोटार. अश्वशक्ति ४७८, पण ब्रेक दाबावयास यांत्रिक मदत नाहीं, स्टिअरिंग वळवावयास मदत नाहीं, आंतून दार उघडावयास कडी नसून एक दोरी! १९९२ सालीं लोकांपुढें आलेली गॉर्डन मरे यांची मॅक्लॅरेन एफ-१ हीहि त्याच वंशांतली. बारा सिलिंडरांचें इंजिन, ६२७ अश्वशक्ति, चालविणारा मधोमध बसलेला आणि सोबती दोहों बाजूंस जरा मागें, साथीदारांसारखे. १९९८ सालीं तिनें ताशीं ३८६ किलोमीटरचा वेग गांठला, तोहि चाक घसरूं लागलें तर सांवरून घेणारी कोणतीहि यंत्रणा नसतांना. या दोन्ही मोटारी चालविणाऱ्याला शहाणा समजतात, आणि तो शहाणा नसेल तर तसें त्याला लगेच सांगतात.

याच्या उलट २००५ सालची बुगाटी व्हेरॉन. सोळा सिलिंडर, १००१ अश्वशक्ति, ताशीं ४०७ किलोमीटर. यंत्रविद्येचा हा पराक्रम मी लवून नमस्कार करण्याजोगा मानतों. पण तिच्यांत ३७५ च्या पुढें जावयाचें तर एक वेगळी किल्ली फिरवावी लागते, हें वाचलें तेव्हां मला हंसूं आलें. वेगाची जाणीव मोटार करून देईना, म्हणून ती किल्लीनें करून द्यावी लागली!

इतकें लिहून झाल्यावर मी आपल्याशींच थबकलों. कारण जुन्याचा अभिमान हें वयाचें दुखणें आहे, आणि त्याला तत्त्वज्ञानाचें नांव देण्याची खोड आम्हां म्हाताऱ्यांना फार. 'विजेच्या मोटारींना आत्मा नाहीं' असें माझे समवयस्क मित्र म्हणतात, तेव्हां मी त्यांना एक गोष्ट सांगतों. मोटारीनें ताशीं शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो २९ एप्रिल १८९९ रोजीं, पॅरिसजवळ आशेर येथें. आणि ती मोटार विजेची होती. कामीय जेनात्सी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें ती तोफेच्या गोळ्यासारखी निमुळती घडविली, आणि वाऱ्याला चुकविण्याची एवढी खटपट करून स्वतः मात्र तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखा छाती काढून बसला. वेग भरला १०५.८८ किलोमीटर. त्या मोटारीचें नांव 'ला जामे काँताँत', म्हणजे कधींच तृप्त न होणारी. छातीवर वारा झेलीत बसलेल्या त्या माणसाला आपण किती वेगानें चाललों आहों हें डोळे मिटूनहि कळलें असेल. तेव्हां दोष विजेचा नव्हे. दोष असलाच तर आपण आपल्याभोंवतीं उभारलेल्या त्या शांत, गुबगुबीत खोलीचा.

आणि खोलीलाहि दोष देतांना माझी जीभ अडखळते. जुन्या मोटारी बोलत हें खरें, पण पुष्कळदां त्यांचा शेवटचा शब्द फार उशिरां येई. १९७५ सालची पोर्शे टर्बो वळणांत घाबरून पाय उचलणाऱ्याला क्षमा करीत नसे. आणि ११ जून १९५५ रोजीं ल मांच्या शर्यतींत एक मोटार प्रेक्षकांत शिरून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, तीहि आम्ही ज्याला सुवर्णयुग म्हणतों त्याच काळांत. बोरघाटांतल्या त्या पांचव्या वळणावर आज जर माझ्या भाच्याला जावयाचें असेल, तर तो माझ्या फियाटींत असावा कीं त्याच्या नव्या मोटारींत, असें ताईनें मला विचारलें तर मी क्षणभरहि न थांबतां नव्या मोटारीचें नांव घेईन. तिचे ब्रेक तापून निकामी व्हावयाचे नाहींत. चाक घसरलें तर ती स्वतः सांवरील. आणि सगळें चुकलें तर हवेच्या पिशव्या फुगवून त्याला पोटाशीं धरील. मला बोलकी मोटार आवडते. पण भाचा मला वांचवणाऱ्या मोटारींत हवा आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावा हें कोडें घेऊन मी आठवडाभर गप्प बसलों, आणि माझ्या पत्नीला मी आजारी आहें असें वाटलें.

शेवटीं एका रविवारीं पहांटे मीं भाच्याला बोलावून फियाटची किल्ली त्याच्या हातीं दिली. कात्रजचा जुना घाट चढून, बोगद्यापलीकडे शिवापुराच्या बाजूला आम्ही उतरूं लागलों. ब्रेक मीं आदल्या दिवशींच तपासून घेतले होते, आणि रस्त्यावर दूधवाल्यांखेरीज कोणी नव्हतें. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गियर त्याला सांपडेना; क्लचचा पाय चुके; चाक वळवितांना त्याचे खांदे भरून आले. बॉडी खडखडत होती, खिडकींतून वारा शिरत होता, इंजिन घसा फोडून गात होतें. एका वळणाला मागचें चाक किंचित् कुरकुरलें, तसा तो दचकून म्हणाला, "बाप रे मामा! केवढ्या जोरांत चाललों आहों आपण!"

"डोळे मिटूं नकोस," मीं म्हटलें, "पण अंदाज सांग."

"नव्वद तरी असेल."

मीं वेगमापकाकडे बोट दाखविलें. तो पन्नासाच्या जरा खालींच होता.

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं. उपदेशाचीं जीं चार वाक्यें मीं आठवडाभर घोळवून ठेविलीं होतीं, तीं घाटाखालीं पोंचेपर्यंत मला निरर्थक वाटूं लागलीं होतीं. चहाच्या टपरीवर बसल्यावर कपाळावरचा घाम पुशीत त्यानें एवढेंच विचारलें, "मामा, आज दिवसभर ठेवूं का ही?"

संध्याकाळीं ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, फियाट कशी काय आज? गाडी गल्लीच्या तोंडाशीं वळली आणि मी ओट्यापासून उठून दाराशीं जाऊन उभी राहिलें. किती दिवसांनीं असं झालं." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती.

भाचा आतां रोज सावकाश चालवितो असें मी म्हणणार नाहीं. मला तें ठाऊक नाहीं, आणि चोविसाव्या वर्षीं मला जें साधलें नाहीं तें त्याला एका सकाळींत साधावें अशी अपेक्षा करण्याइतका मी अन्यायी नाहीं. मात्र परवां त्याच्या मोटारींतून बाजारांत जाऊन येतांना, शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, एकदम कोठून तरी बारीक किणकिण ऐकूं आली. मीं त्याच्याकडे पाहिलें. तो समोर पाहात होता.

"पुन्हा चालू करून घेतली," तो म्हणाला. "कटकटच आहे, मामा." आणि त्यानें पाय उचलला.